नुसती मशीन

"वहिनी, पिवळी दाखवा," नत्थूभाऊ म्हणाले, आणि मी हातातला खिळ्यांचा डबा खाली ठेवला.

भिलाईच्या रिसालीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नत्थूभाऊ सुतार, दारं, कपाटं, आजकाल मॉड्युलर किचनही बसवतात. सुखराम त्यांचा जोडीदार. दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे, भिलाईत आले तेव्हापासून एकाच कामावर. सुखरामच्या सगळ्या ड्रिल मशिनी हिरव्या रंगाच्या कंपनीच्या. भाऊंनी पिवळी मागितली म्हणजे जोडी मोडली, हे मला कोणी सांगायला नको होतं.

बॅटरीवाल्या मशिनींचं सोयरिकीसारखं असतं. एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढच्या मशिनी तिच्याच घरच्या घ्याव्या लागतात, कारण दुसरीची बॅटरी हिच्यात बसत नाही. म्हणून साइटवर सोबतीचे लोक एकच रंग धरतात. एकाची बॅटरी उतरली की दुसरा आपली काढून देतो, काम थांबत नाही. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, काम कोणासोबत करता? बाकीचं मागून.

भांडण साधंच होतं. भिलाई-३ मधल्या एका स्वयंपाकघरात नत्थूभाऊंनी नेमकं भिंतीतल्या पाइपावर ड्रिल चालवलं. पाण्याचा फवारा उडाला, घरमालकीण ओट्यावर चढली. तिच्यासमोर सुखराम बोलून गेला की म्हाताऱ्याची नजर गेली, याला आता घरी बसवा. नत्थूभाऊ तसेच ओल्या कपड्यांनी निघाले, ते पुन्हा त्याच्याकडे फिरकले नाहीत. त्यांची स्वतःची वायरची मशीन केव्हाच जळालेली. आजवर सुखरामचीच वापरायचे; भांडणानंतर बिचारे हातानेच स्क्रू पिळत होते. वय काय, अन् रुसवा काय! मला दोघांचाही राग आला होता, कारण दोघंही मला घरच्यासारखे.

मी पिवळी काढून दिली. मशीन चांगली, उगाच नावं कशाला ठेवू? भाऊंनी ती हातात तोलली आणि जड आहे म्हणाले. हलकी दिली तर मूठ जाड वाटली. मग गॅरंटी विचारली, सर्व्हिस सेंटर विचारलं, प्यायला पाणी मागितलं. मन नसलं की मशिनीत खोड्या निघतातच. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

"भाऊ, परवा सुखराम आला होता," मी म्हटलं.

"काय म्हने?"

"नत्थूभाऊ येऊन गेले का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं तं काही न घेता चालला गेला."

ते बराच वेळ पिवळ्या मशिनीचं बटण दाबत आणि सोडत बसले. मग ती माझ्याकडे सरकवून म्हणाले, "हिरवी काढा."

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. मी घाईघाईने सगळा संच काउंटरवर मांडला, मशीन, चार्जर, बॅटऱ्या. त्यांनी तेवढी मशीन उचलली आणि बाकीचं परत केलं. म्हटलं, भाऊ, बॅटरीशिवाय ही नुसती शोभेची, हिच्याने एक स्क्रू फिरायचा नाही.

"बॅटऱ्या सुखरामजवळ हायेत ना."

"अन् त्यानं नाही देल्या तं?"

"माह्याजवळ आपली बॅटरी असली, वहिनी, तं मी त्याच्या दारात काहून जाईन?"

मी पिशवी शोधायला वळले. मशीन पिशवीत घालून दिली. ती त्यांनी स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि घराकडे न वळता मरोद्याचा, सुखरामच्या घराचा रस्ता धरला.

चौकात त्यांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं, परत फिरतात. पण त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आरशात बघून हाताने केस बसवले, आणि पुढे गेले.