टोपीचा कौल

सुपारीची दोनशे अर्धुकं, पोखरून चंदेरी रंग फासलेली, आपण घडवलेल्या चिमुकल्या शिपायांच्या डोक्यावर बसलेली पाहिली तेव्हा बाबलीनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डोक्यावर तरी कसं म्हणावं? शिपाई बोटाच्या पेराएवढा, सुपारी त्याच्या गुडघ्यापर्यंत. खालून नुसते बूट दिसत होते. तेरेखोलच्या किल्ल्यावर चालून जाणारी पोर्तुगीज फौज कुठली, वारुळावर चंदेरी अळंबी उगवल्यासारखी वाटत होती.

"कशी दिसतत?" भिकाजीशेटनं विचारलं.

"हे काय आसा?"

"शिरस्त्राणा. तू घालूक विसरललंस. कार्निव्हालचे रथ करतो त्या माणसाकडसून करून हाडलंय."

हा भिकाजीशेट पेडण्यातल्या एका देवस्थान समितीचा अध्यक्ष. एके काळी त्याचे बावीस ट्रक डिचोलीच्या खाणींवर खनिज ओढायचे आणि बाबली पाळी गावातल्या एका खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होता. खाणी बंद पडल्या तसं शेटनं ट्रक विकून किनाऱ्यावर हॉटेल काढलं. बाबलीनं डिचोलीतल्या घरी जनेलाच्या उजेडात मेज ओढलं आणि शिपाई करायला घेतले. प्लंबर गळती बुजवायला वापरतात ती एपॉक्सी लांबी, शिवणाची सुई, शून्य नंबरचा ब्रश. इंटरनेटवर त्याला एक गट सापडला. जगभरचे पोक्त बाप्ये तिथं होते, मेजावर चिमुकल्या फौजा मांडून, फासे टाकून लढाया खेळणारे. टोपीच्या फितीची रुंदी चुकली म्हणून तिथं माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नसत. बाबलीला तिथं माहेरी आल्यासारखं वाटलं.

देवस्थानच्या नव्या सभागृहात तेरेखोलच्या लढाईचा देखावा काचेत मांडायचं ठरलं, तेव्हा बाबलीनं चार वर्षं खपून दोन्ही फौजा करून दिल्या. फुकट. अट एकच घातली, यात खोटं काही नको. त्याला कारण होतं. काट्यावर असताना पंचवीस टनांचा ट्रक अठरा टन लिही असं वरून आलं की तो अठरा लिहायचा. उभा जन्म तसाच गेला. मरायच्या आधी एक गोष्ट तरी होती तशी मांडावी, एवढीच त्याची हाव.

"शेट," तो म्हणाला, "ही लढाय सतराशे सेहेचाळीसची. त्या वेळी शिपाय लोखंडी शिरस्त्राण घालीत नसत. ता दोनशे वर्षां आधीचा. हे तीन कोनांची टोपी घालीत. काळ्या फेल्टची."

"फेल्टची म्हणजे? कापडाची?"

"जाड लोकरीची."

भिकाजीशेटचा चेहरा पडला. त्यालाही कारण होतं. दर जत्रेला तो एक गोष्ट सांगायचा. त्याच्या खापरपणज्यानं किल्ल्याच्या दारात फिरंग्याच्या डोक्यावर तलवार हाणली, तेव्हा असा ठण्ण आवाज उठला, की नदीपलीकडे केरीतल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. गोष्ट सांगताना 'ठण्ण'पाशी तो थांबायचा आणि टाळ्या पडायच्या.

"लोकरीच्या टोपयेर तलवार मारल्यार आवाज कसलो येतलो?" त्यानं विचारलं.

बाबलीनं खरंच विचार केला. "फस्स असो कायतरी."

"फस्स." भिकाजीशेट खुर्चीत बसला. "फस्स आयकून म्हशी पळतत काय रे, बाबल्या?"

बाबलीनं पिशवीतून कागद काढले. जुन्या चित्रांच्या प्रती, पोर्तुगालमधल्या एका म्हाताऱ्या गणवेशवेड्याची पत्रं. समितीतल्या पाच जणांनी कागद हातोहात फिरवले आणि चहाचे कप त्यांवर ठेवले. वजनकाट्यावर बसून टोपी जोखायला कधी शिकलास, असं एकानं विचारलंही. शेवटी भिकाजीशेट उठला.

"कागदार भांडण नको. देवाक विचारूया."

इकडे लग्न जमवायचं असो की बोअर मारायची, देवाचा कौल घेतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, भटजीनं प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण आजवर शिपायाच्या टोपीबद्दल देवाला कुणी विचारलं नव्हतं.

देवळाच्या पायरीवर भिकाजीशेटनं सगळ्यांसमक्ष विचारलं, "कौल मान्य?"

इतिहास पाकळ्यांवर ठरत नाही, हे बाबलीला सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर सुपाऱ्या राहिल्या असत्या. आणि निम्मी का होईना, आशा होतीच.

"मान्य," तो म्हणाला.

दत्तप्रसाद भटांनी पंखा बंद केला. "देवा महाराजा, फिरंग्याच्या माथ्यार तीन कोनांची टोपी होती तर उजवी दी." सगळे घामानं निथळत उभे. डावी पाकळी हलली. मग उजवी सुटली आणि देवाच्या खांद्यावरून घरंगळत खाली आली.

बाबलीनं साष्टांग नमस्कार घातला. पिशवीभर कागदांनी जे झालं नाही ते पाकळीनं केलं, याची लाज त्याला त्या दिवशी वाटली नाही. भिकाजीशेटनंही हात जोडले. "देवान टोपी दिली," तो एवढंच म्हणाला. "ठण्ण गेलो."

पंधरा दिवसांनी सकाळी फोन आला.

"बाबल्या, परत कौल घेतलो. आवाज गेलो, मगे आमका कायतरी होया मां? विचारलंय, लढाय कोणी जिंकली?"

"कोणी जिंकली म्हणजे?"

"आमी जिंकली. आमी तर उजवी दी म्हटलंय, पडली एकदम पटकन. तुझे फिरंगी आता आडवे कर. सगळे."

"शेट, किल्लो त्यांनी घेतलो. मगे दोनशे वर्षां त्यांच्याकडेच होतो. लहान पोराकसुद्धा ठावक आसा."

"म्हणजे टोपी देवाक ठावक आणि लढाय ठावक नाय?"

बाबलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मान्य म्हणाललंस मां पायरेर? पाच जणां होती. आता कौल मोडतलो आसशीत तर दोन्ही मोड. सुपारे अजून हयंच आसत, पोत्यात."

फोन ठेवून बाबली ओट्यावर बसला. बायको, विनोदिनी, पाववाल्या पोदेराकडून उंडे घेऊन आत येत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मगे आणा तुमचे शिपाय परत," ती म्हणाली. "घरात जागा आसा."

"आणीन. पण काचेचा कपाट शेट रिकामा ठेवचो नाय. कार्निव्हालवाल्याकडसून दुसरे करून घेतलो. लोक त्येच बघतले आणि तसाच होता म्हणतले."

"आणि तुमचे आडवे घातले तर?"

"टोपी तरी बरोबर दिसात."

विनोदिनीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "काट्यार तुमी होतास तेव्हाय असाच म्हणायचास. वजन खोटा, पण अक्षर चांगला."

ती आत गेली. बाबलीला राग आला आणि तो कुणावर काढावा हे समजेना.

दोन दिवसांनी तो पेडण्याला जाऊन आपले दोनशे पोर्तुगीज शिपाई मिठाईच्या खोक्यांत भरून घरी घेऊन आला. आडवं करायचं काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर टोप्यांचे कोन मोडले असते. आणि नुसतं आडवं करून भागणार नव्हतं. मेलेल्या माणसाची टोपी डोक्यावर राहत नाही. म्हणजे दोनशे टोप्या सुईनं सोडवायच्या, खालची डोकी नव्यानं घडवायची, केस मागे ओढून काळ्या फितीनं बांधायचे. त्या वेळी तशीच पद्धत होती.

पहिला शिपाई त्यानं मेजावर खडूनं आखलेल्या किल्ल्याच्या दारात पालथा घातला. टोपी शेजारी ठेवली. मग अडला. गटावर जाऊन त्यानं विचारलं, शिपाई धावता धावता पडला तर त्याची तीन कोनांची टोपी पालथी पडते की उताणी? उताणी पडली तर आतल्या अस्तराचा रंग कोणता?

दुपारपर्यंत त्रेचाळीस उत्तरं आली. पोर्तुगालच्या म्हाताऱ्यानं स्वतःची टोपी जिन्यावरून अकरा वेळा टाकून पाहिली होती, सात वेळा उताणी पडली. अस्तरावरून दोघांची जुंपली. लढाई कोणती, ती जिंकली कुणी, हे एकानंही विचारलं नाही. बाबलीनंही सांगितलं नाही.

कळकट पांढरा, असं अखेर ठरलं. बाबलीनं ब्रश ओला केला.