साखरबाबाचा हंडा

रविवारी सकाळी नऊच्या आत हॉल खचाखच भरला. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांत चढून बसली. स्टेजवर साखरबाबा माईक घेऊन येरझारा घालत होता.

"कानात आवाज येतात? येणारच! डोक्यात भाडेकरू घुसलाय. वर दिवसभर बडबडतो! डॉक्टर काय करतो? गोळी देऊन त्याला झोपवतो. म्हणजे मुक्काम वाढला! मी त्याला नोटीस देतो." त्याने साखरेची पुडी उंच धरली. "ही नोटीस!"

टाळ्यांचा कडकडाट. चांगली शिकलीसवरलेली माणसं या बाष्कळपणावर डोळे पुसत होती.

पहिल्या रांगेत नमुना म्हणून एका घड्याळजीला बसवलं होतं. दीड महिन्यापूर्वी तो दुकानाला आतून कडी लावून बसायचा. आता माणसांत आला होता. मागे उभ्या असलेल्या त्याच्या ताईलाही हे नाकारता येत नव्हतं, आणि त्यामुळेच तिचं डोकं जास्त तापत होतं. ती कपड्यांच्या कारखान्यात तयार शर्ट तपासायची. चूक सापडेपर्यंत तिला चैन पडत नसे.

गेल्या वर्षी घड्याळजीला भिंतीपलीकडे दोन माणसं आपल्याविषयी कुजबुजताना ऐकू येऊ लागली. भिंतीपलीकडे रिकामा जिना होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांत कुजबुज विरत आली. पण ते नाव गल्लीत फुटलं. गिऱ्हाइकं घड्याळं परत घेऊन गेली, ताईचं ठरलेलं लग्न मोडलं. लाजेपायी गोळ्या चुकू लागल्या, कुजबुज परतली आणि तो दुकानाला कडी लावून बसू लागला.

"वेडा म्हणवून घेण्यापेक्षा झपाटलेला बरा," आई म्हणाली. "झपाटलेल्याची लोक चौकशी तरी करतात." आणि तिने बाबाला गाठलं. गल्लीची लायकी तिने अचूक ओळखली होती.

बाबाची अट एकच. दवाखान्याच्या सगळ्या गोळ्या स्टेजवरच्या तांब्याच्या हंड्यात टाकायच्या; तो त्या स्वतः नदीत सोडणार. आईने मुलाच्या गोळ्या आपल्या हाताने टाकल्या. बदल्यात दर रविवारी सात पुड्या मिळायच्या, रोज एक.

घड्याळजीच्या शेजारी शिंप्याची बायको बसली होती. चार महिने ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, नुसती रडायची. पुड्या सुरू झाल्यावर रडणं थांबलं. आता तिचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. "किती शांत झाली!" म्हणत तिचा नवरा बाबाला हात जोडत होता.

तेवढ्यात घड्याळजीची मान एका बाजूला वळली आणि वळतच गेली. डोळे वर चढले, जबडा आवळला.

"निघाला!" बाबा ओरडला. "भाडेकरू सामान उचलतोय! कुणी हात लावू नका!"

हॉल उठून उभा राहिला. कुणी जयजयकार करत होतं, कुणी मोबाईल वर धरला होता. घड्याळजी घशातून घरघरत होता, आणि त्याच्या वेदनेवर टाळ्या पडत होत्या.

ताई माणसांना कोपरांनी ढोसत पुढे आली.

"सोड त्याला! निघतोय तो!" आईने तिचा दंड धरला.

"आई, मान मोडेल त्याची!" तिने हात हिसडला आणि भावाला ओढतच बाहेर रिक्षात घातलं.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर वीस मिनिटांत मान सरळ झाली.

"गोळ्या किती देताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दीड महिना बंद आहेत."

"शक्य नाही. त्या जास्त झाल्या की अशी मान वळते. गोळ्या सुरू केल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात झालं होतं ना? खातोय काय हा?"

ताईने पर्समधली पुडी काढली. डॉक्टरीणबाईंनी ती ग्लासभर पाण्यात टाकून ढवळली. साखर विरघळली. तळाशी पांढरा चुरा राहिला. "हा तर गोळ्यांचा चुरा..." त्या सांगू लागल्या.

ताईने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. भावाला घेऊन ती परत हॉलवर आली आणि तडक स्टेजमागच्या खोलीत शिरली. तिथे मिक्सर होता, चाळणी होती, साखरेचं पोतं होतं. शेजारी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेली पिशवी. तिने ती आणून स्टेजवर उपडी केली.

"हे बघा! हे पाकीट माझ्या भावाचं. त्यावर लाल पेनाने वार मी लिहिलेत. तुम्ही टाकलेल्या गोळ्या हा एकत्र दळतो, साखरेत मिसळतो आणि तुम्हालाच खायला घालतो! कुणाची गोळी कुणाच्या वाट्याला येईल, काही नेम नाही!"

"मी मंत्राने त्यातलं विष काढतो!" बाबा म्हणाला, पण माईकपासून लांब सरकत.

"विष काढलंस तर मान कशी वळली रे? आणि ह्या शिंप्याच्या बायकोला कानात आवाज येत नव्हते. हिला भलत्याच आजाराचं औषध चारून गुंगवलंस! ती शांत नाही, ती शुद्धीत नाही!"

कुणीतरी मागून म्हणालं, "पण गुण तर आला ना?"

"आला. गोळीचा आला!" ताई ओरडली.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. शिंप्याने बायकोला उठवलं, पुड्या खिशात घातल्या आणि दाराकडे निघाला. असे आणखी वीसजण निघाले होते.

आई इतका वेळ लाल पेनाची अक्षरं बघत बसली होती. ती उठली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"पुड्या टाका," ती शिंप्याला म्हणाली.

"काकू, लोक काय म्हणतील? दवाखान्यात नेली की वेडी ठरवतील तिला."

"माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. हा शब्द तिने प्रथमच उच्चारला होता. "भूत नाही, भाडेकरू नाही. आजार आहे, त्याला औषध आहे, आणि मी मूर्खासारखी ते ह्याच्या हंड्यात टाकलं. तुमच्या बायकोला काय झालंय ते डॉक्टरला विचारा. मला विचारू नका, गल्लीला विचारू नका, ह्याला तर मुळीच नको. टाका त्या पुड्या. आणि चला, मी येते तुमच्याबरोबर."