कपाटामागची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, शिंपीकाकांच्या मागच्या खोलीची. काकांच्या वडिलांनी पोटाला चिमटा काढून मला उभं केलं. गवंड्याने ओळंबा लावून पाहिला, मला थोपटलं आणि म्हणाला, "ही नातवंडांना पुरेल!" नातवंडांपर्यंत मी पोचले, पण कशीबशी.

तरुणपणी माझ्या खिळ्यांवर गावभरचे कोट लटकले. गिऱ्हाइकं कोटांचं कौतुक करत; माझ्याकडे मान वळवायला कुणाला सवड नव्हती. मग मागचं गटार तुंबलं, माझ्यात ओल चढली, वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि पोट पुढे आलं. काकांनी तड्यात चिंध्या कोंबल्या. शिंप्याला दुसरं काय सुचणार?

शेवटी काकांच्या मुलीने, ताईने, मनावर घेतलं. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं घर धोकादायक झालं असेल, तर पालिका दुरुस्तीला अनुदान देते आणि घरपट्टीतही सूट देते. साहेब एकदाच येणार, घराची अवस्था बघणार आणि त्यावरूनच दोन्ही ठरणार. ताईने अर्ज केला. कामावर जाताना काकांच्या बहिणीला बजावलं, "आत्या, साहेब आले की आधी भिंत दाखव. काही आवरू नकोस हं!"

आत्याला आवरू नकोस म्हणणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणणं.

"परका माणूस घरात येणार आणि आपण त्याला भोकं दाखवायची?" ती म्हणाली. शेजारणीचं भलंमोठं कपाट उसनं आणून तिने माझ्यापुढे लावलं. नवे पडदे चढले.

"अगं, पण ताई म्हणाली होती..." काका पुटपुटले.

"तू गप्प बस. तुझ्या चिंध्या मी चारचौघांत मिरवू का?"

साहेब आले. चहूकडे पाहून खूश झाले. "वा, घर छान ठेवलंय हो!"

"आमच्याकडे असंच असतं," आत्या फुलून म्हणाली.

"कुठे तडे, पडझड?"

"छे हो!"

मी जिवाच्या आकांताने मूठभर माती खाली सोडली. आत्याने ती पायाने कपाटाखाली सारली. साहेबांनी 'स्थिती उत्तम' असं लिहिलं आणि आत्याने त्याखाली झोकात सही केली.

निकाल आला. अनुदान नामंजूर आणि उत्तम घराची म्हणून घरपट्टी वाढलेली. ताई कपाळाला हात लावून बसली. मग तिने हरकत नोंदवली. सुनावणीला आत्याही गेली आणि भर कचेरीत रडत म्हणाली, "मीच लपवली हो भिंत!"

"मग पाहणीत खोटं सांगितलंत, असं लिहून घेऊ?" साहेबांनी विचारलं. "त्याला दंड आहे. नाहीतर सही खरी धरतो. पुढची पाहणी चार वर्षांनी."

दंडाचं नाव ऐकून दोघी तशाच परत आल्या.

शेजारीण कपाट घेऊन गेली. काकांनी मला लाकडाचा टेकू दिला आणि शिलाई मशीन पुढच्या खोलीत हलवलं. ताई आत्याशी कामापुरतं बोलते. चार वर्षं मी काढणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तो विषय कुणी काढत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल. कुणी विचारायला आलं, तर त्याचा हात धरून त्याला तिच्यापाशी न्या. लाज वाटली तरी न्या.

माझ्यासाठी मात्र आता काही मागत नाही. आत्या दुपारभर मुद्दाम माझ्याच पायाशी बसते. काका हाक मारून थकतात. "पडली तर माझ्यावर पडू दे," म्हणते आणि पाठ टेकते. तिच्या पाठीचा भार मला सोसत नाही, आणि तिला 'ऊठ' म्हणायला मला तोंड नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी तिला उठवा. जरा लवकर.