बिनधुराची खोली

“आई, साऱ्या घरात धूर हाये, मंग काकीच्याच खोलीत काहून नाही?”

विचारून टाकलं डिंपलने एकदाचं. सकाळी शाळेच्या नळावर उर्वशीने साऱ्या मैत्रिणींसमोर पैज लावली होती, की तुझ्या काकीच्याच खोलीतून धूर का निघत नाही ते आईला विचारून दाखव; स्टेजवर बोलणं वेगळं अन् घरात आईसमोर बोलणं वेगळं, तुझी तर तिथे वाचाच बसते. वक्तृत्वात नुकताच पहिला नंबर आलेल्या पोरीला असं डिवचल्यावर ती गप्प राहते होय!

आणि उर्वशीच्या नजरेने टिपलं होतं ते खरंच होतं. वैनगंगेचं पाणी ओसरल्यापासून गावात घरोघरी घमेल्यांत धानाचा भुसा धुमसत होता. मातीच्या भिंती आतून शेकल्याशिवाय वाळत नाहीत. डिंपलच्याही घरी ओसरीत घमेलं, माजघरात घमेलं, देवाच्या कोनाड्याखालीसुद्धा एक लहानसं. फक्त मागच्या खोलीतून, जिथे तिची विधवा काकी सत्यभामाबाई राहायची, धुराची रेघही निघत नव्हती.

आईने, म्हणजे जमुनाबाईने, गोधडी पिळता पिळता सांगितलं की भुसा संपला. परसात दोन पोती ठासून भरलेली उभी होती. डिंपलने नुसतं तिकडे बोट केलं.

मग बाबा बोलले. भय्याजी म्हणजे गोड माणूस. कोंबडी कापायच्या आधी तिच्या पाठीवरून हात फिरवणारा. त्यांनी पोरीला जवळ बसवलं आणि मोठ्या माणसाला सांगावं तसं समजावलं. पंचनाम्यावाले अजून यायचे आहेत. उभी भिंत कितीही भिजलेली असो, ती त्यांना दिसत नाही. पडलेली तेवढी दिसते. मागची भिंत बुडाशी फुगली आहे. तिला शेकून वाळवली तर नवं घरकुल गेलंच म्हणून समज. थोडे दिवस कळ काढायची, बस.

“मंग काकीले माजघरात झोपवा ना.”

“रिकाम्या खोलीले ते गोठा लिहितात,” आई म्हणाली. “गोठ्यावर घरकुल नाही भेटत. आत कोणी राहात असलं पाहिजे.”

“अन् भिंत तिच्या आंगावर पडली त?”

आईने गोधडी झटकून दोरीवर टाकली. “तिच्यामागं रडाले हाये कोण?”

बाबांनी आईला टोकलं नाही. उलट म्हणाले, खाट भिंतीपासून दूर सरकवून दिली आहे, एवढं तरी कोण करतं. ती खोली म्हणजे खाटेपेक्षा हातभर रुंद. दूर सरकवून सरकवून खाट जाणार कुठे?

डिंपल तडक मागे गेली. काकी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, कारण खालची जमीन अजून पचपचत होती. डिंपलने भिंतीला बोट लावलं, तर ते कणकेत जावं तसं आत गेलं. उशीवर ओल्या मातीचं ढेकूळ पडलेलं होतं. काकीने ते पदराने हळूच पुसून टाकलं, जणू तिच्याच हातून काही सांडलं होतं. मधल्या दारातून तिला सगळं ऐकू आलं होतं.

“घमेलं नको आणू वो पोरी,” ती म्हणाली. “नवं घर झालं त एक कोपरा मलेबी देऊ, असं म्हणाले तुये बाबा.”

हे ती हसून म्हणाली. डिंपलला शिव्या आठवल्या, भाषणं आठवली, आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. ती माजघरात आली. शेकून कोरड्या झालेल्या कोपऱ्यातून तिने आपली सतरंजी उचलली, गोधडी काखेत मारली, दप्तर खांद्याला लावलं, आणि आईबाबांसमोर येऊन उभी राहिली.

“आजपासून मी काकीपाशी झोपीन,” ती म्हणाली. “पंचनामा होयेपर्यंत. आत दोघी असल्या त गोठा नाही लिहिणार कोणी.”