फोटोखालची ओळ

"राणी, ही भामा जुळी आहे का?" काकांनी कागद माझ्या नाकासमोर धरला. "जन्मतारीख दोनदा, शिक्षण दोनदा, 'मुलगा निर्व्यसनी हवा' हेही दोनदा!"

रविवारी दिलसुखनगरला आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा. आमचा समाज म्हणजे मराठवाड्यातून हैदराबादला आलेली सगळी बौद्ध कुटुंबं. परिचय पुस्तिका संध्याकाळपर्यंत जामबागच्या प्रेसला द्यायची होती. दरवर्षी श्रीपती काका मेलवर आलेले बायोडाटा एकेक करून टाइप करून घेतात. यंदा मीच छाती ठोकून सांगितलं होतं, "मी प्रोग्राम लिहिते. बटण दाबलं की पुस्तिका तयार!" दहावीत असले म्हणून काय झालं?

पण मेल हा प्रकार महाबदमाश आहे. दिसतो एक, आत असतात तुकडे. तोच मजकूर एकदा साधा, एकदा सजवलेला, मग फोटो. माझा भोळा प्रोग्राम दोन्ही मजकूर उचलायचा. मी वैतागून त्याला सांगितलं, पहिला मजकूर मिळाला की घे आणि थांब. चाललं! जुळी गायब! मी खुर्चीवर उभी राहून नाचले.

तेवढ्यात काकांची मुलगी रेणुकाताई बँकेतून आली. तिने प्रिंटमध्ये स्वतःचं पान वाचलं आणि पर्स सोफ्यावर आपटली.

"पप्पा, कापलंत ना शेवटी?"

ताईने बायोडाट्यात लिहिलं होतं, 'माझा घटस्फोट झाला आहे. बघायला येण्याआधीच माहीत असू द्या.' त्यावरून घरात आठवडाभर भांडण चाललं होतं. काका म्हणायचे काढ, ताई म्हणायची मग माझं नावच काढा. आणि पानावर ती ओळ नव्हती.

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"मग ती स्वतःच पळून गेली?"

मी तिचा मेल उघडला. ताईने तो फोनवरून पाठवला होता. वर माहिती, मध्ये फोटो, फोटोखाली ती ओळ. फोनने वरचा मजकूर एक तुकडा केला होता, खालचा दुसरा. आणि पहिला घेऊन थांब, हे कोणी सांगितलं होतं? मी!

"काकांनी नाही ताई, माझ्या प्रोग्रामने खाल्ली."

काकांचा चेहरा एकदम खुलला. "मग राहू दे की. आपण थोडीच काढली? मशीनने काढली. लाइट ले बेटा, एवढं मनावर नको घेऊ, भेटल्यावर सांगू मुलाकडच्यांना."

"पप्पा!"

"नक्को काका," मी ओरडले. "चूक माझी आहे. तुमच्या सोयीसाठी नाही केली मी!"

बसले पुन्हा. सगळे तुकडे घे म्हटलं, तर जुळी परत! मग प्रोग्रामला आधी तुकड्यांचा गठ्ठा कसला आहे ते बघायला शिकवलं. एकाच मजकुराची दोन रूपं असतील तर एकच घे, वेगवेगळे तुकडे असतील तर सगळे घे. तर गठ्ठ्याच्या आत अजून गठ्ठा! कीबोर्ड फेकावासा वाटला. आईने ठेवलेला उपमा थंड होऊन दगड झाला, प्रेसवाल्याचे फोन सुरू झाले, स्क्रीनवर एररचं लालच लाल.

आणि मग जमलं. एकट्या ताईचीच ओळ नाही, फोटोखाली लिहिलेल्या सगळ्यांच्या ओळी आल्या. विवेकने लिहिलं होतं, 'आई माझ्याजवळच राहील.' वैशालीने लिहिलं होतं, 'डावा पाय अधू आहे. स्कूटी चालवते.'

काका चष्मा लावून वाचत राहिले. "ही ओळ गेली असती तर वैशालीच्या वडिलांनी मला फाडून खाल्लं असतं," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ह्यांच्या ठेव. आणि रेणुकाची..."

"तसं नाही होत काका. बटण एकच आहे. सगळ्यांच्या येणार, नाहीतर कोणाचीच नाही."

एक ओळ हाताने पुसायला कितीसा वेळ लागतो? पण काकांना ते कुठे माहीत!

ताई भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. काका तिच्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढला.

"पाठव," म्हणाले आणि आत जाऊन चहासाठी ओरडले.

मी बटण दाबलं. ताईने मागून माझी वेणी ओढली.

"खोटारडी," ती माझ्या कानात म्हणाली.