आईने पदरचं घातलेलं

आईचा शेवटचा साधा दिवस माझ्या एका चुकीवर हसण्यात गेला.

घराच्या पुढच्या खोलीत ती लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. तिच्यासाठी मी मोबाइलचं अ‍ॅप करत होते. पहिल्या स्क्रीनवर गिऱ्हाईक, दुसरीवर मापं, तिसरीवर कपडा कधी द्यायचा ते. तिने शेजारच्या शिक्षिकाबाईंचं नाव निवडलं, कमरेचं माप घातलं आणि पुढे गेली. तिसऱ्या स्क्रीनवर नावाची जागा कोरी.

"अगं, आत्ता तर सांगितलं हिला," ओठांतल्या टाचण्या सांभाळत ती म्हणाली. "ह्या खोलीतून त्या खोलीत जाईपर्यंत विसरली?"

मी तिला समजावलं, एका स्क्रीनचं दुसरीला आपोआप कळत नाही. पुढे धाडतानाच सोबत काहीतरी द्यावं लागतं, आणि तेच माझ्याकडून राहिलं होतं. द्यायचं तेही सगळं नाही, गिऱ्हाइकाचा फक्त क्रमांक. बाकीचं पुढची स्क्रीन माहितीच्या साठ्यातून स्वतः काढून घेते.

"नुसता क्रमांक? कंजूष कुठली. बापावर गेलीस."

बाबा मागच्या खोलीत जुने रेडिओ खोलून बसत. त्यांचं-माझं भांडण नव्हतं, एकमेकांशी बोलायची सवयच लागली नव्हती. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, तिला म्हणावं दिवा लाव. आई माझ्यापाशी येऊन सांगे, दिवा लाव, डोळे बिघडतील तुझे म्हणतायत. माझी उत्तरंही तिच्याच हाती जात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ती गेली.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. गिऱ्हाइकांचे कपडे परत करायचे म्हणून मी अ‍ॅप उघडलं आणि राहिलेला क्रमांक पुढे जाईल असं केलं. तिसऱ्या स्क्रीनवर शिक्षिकाबाईंचं नाव उमटलं. आईला दाखवायला मान वळवली, तर मशीनवर चादर घातलेली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"तिला म्हणावं, चहा घेतेस का?"

निरोप न्यायला स्वयंपाकघरात आता कोणी नव्हतं. थोड्या वेळाने दोन कप घेऊन ते स्वतःच आले आणि दाराशी थांबले.

"सवय," ते म्हणाले. मग कपाकडे बघत म्हणाले, "एक विचारू? आई सांगायची, तू म्हणतेस, बाबा दारातूनच का परत जातात, आत येऊन बसत का नाहीत. म्हणायचीस तू असं?"

मी कधीच म्हटलं नव्हतं. माझा निरोप असायचा, लावते म्हणावं, येते म्हणावं, एवढाच. बाकीचं तिने पदरचं घातलेलं. पण ते तिने माझ्या मनातल्या कुठल्या साठ्यातून काढलं होतं, ते मला कळलं.

मी खुर्चीवरचे कपडे उचलून मांडीवर घेतले.

"आत या, बाबा. इथे बसा, माझ्याजवळ."