एक्केचाळीस नंबरचं रक्त

“जगदेवीबाई, ह्या एक्केचाळीस नंबरच्या नळीची अदलाबदल झाली का हो?” कलबुर्गीहून आलेल्या मंजुश्री मॅडमनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

निर्णा गावात दहा वर्षं आशा कार्यकर्ती असलेल्या जगदेवीला तो शब्द शिवीसारखा लागला. मॅडमच्या संशोधनासाठी साठ बायांचं रक्त तिनं समोर उभं राहून काढून घेतलं होतं. नंबर स्वतः चिकटवले होते. शिवाय प्रत्येकीच्या स्वभावाचा फॉर्म भरला होता : झोप लागते का, हसू येतं का, भीती वाटते का.

पडद्यावर ठिपके होते आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा.

“हे जीन,” मॅडम म्हणाल्या. “कोणते जागे हायत, कोण कुणाच्या जोडीनं काम करायलंय, ते रक्तात दिसतं. काळजी, भीती सांगणाऱ्या बायांचं जाळं बहुतेक असं दाट येतंय. एक्केचाळीसचा फॉर्म म्हणतो, बाई आनंदी, भीती अजिबात न्हाई. अन् जाळं बघा, वर्षानुवर्षं दचकून जगल्यासारखं. आजारपणानंबी असं येतं. एकट्या रक्तावरून मी कुणाचं मन सांगणार न्हाई. म्हणून तर इचारायले.”

एक्केचाळीस म्हणजे जगदेवीची थोरली नणंद, रेणुकाबाई. नवऱ्यानं टाकली म्हणून अठरा वर्षांपूर्वी भावाच्या दारी आली, ती इथलीच झाली. अशी हसरी की गावातल्या लग्नघरात तिच्यावाचून पान हलायचं नाही. आणि तिचा फॉर्म? घरच्या माणसाला काय विचारायचं, म्हणून जगदेवीनं चहाला उकळी येईस्तोवर स्वतःच भरून टाकला होता.

नळी बदलली असेल, एवढं म्हटलं असतं तरी सुटली असती.

“नळी बरोबर हाय, मॅडम. फॉर्म खोटा हाय. मी इचारलंच न्हाई.”

घरी आली तेव्हा रेणुकाबाई सुपात ज्वारी पाखडत होती.

“अक्का, तुमाला कशाचं भ्याव वाटतंय का?”

“मला?” रेणुकाबाई खळखळून हसली. “कामून गं?”

“खरं सांगा, अक्का.”

जगदेवीचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. सूप हातातच राहिलं. “सकाळी उठले की पयलं तुमा दोघांची तोंडं बघते. आज जा म्हणताल का म्हणून. कोण गप बसलं की मीच हसायला लागते. हसणारं माणूस लवकर कोण हाकलत न्हाई.”

जगदेवीचा नवरा नागप्पा बहिणीला कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. तीही नव्हती. पण ‘राहा’ असंही कुणी म्हटलं नव्हतं. ते म्हणायचं असतं, हेच कुणाला सुचलं नव्हतं.

खुंटीवर रेणुकाबाईची कापडी पिशवी होती. अठरा वर्षं तिची लुगडी त्या पिशवीतच राहिली होती, आणि घरात चार कप्प्यांचं कपाट होतं. जगदेवीला स्वतःचीच लाज वाटली. एक कप्पा आत्ताच्या आत्ता अक्कांना द्यायचा, म्हणून ती उठली आणि आधी पिशवीच खाली काढली. पिशवी घेऊन ती अक्कांकडे वळली.

रेणुकाबाईनं सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला आणि पिशवीसाठी हात पुढे केला.

“आजच जाऊ व्हय, जगदेवी?”